पालथं पातेलं

माझं काम काय, हे आईने विहारातल्या बायकांना एका वाक्यात सांगून टाकलंय: "ती मशिनीला झोपवते." त्यावर एकीने विचारलं म्हणे, एवढं इंजिनिअर होऊन? मला राग आला, पण आई खोटं काही बोलली नव्हती. ठाण्याच्या ऑफिसात मी ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी, म्हणजे कर्नलसाठी, वीज वाचवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम लिहीत होते. यंत्राला काम नसलं की त्याचा एकेक भाग बंद करायचा आणि काम आलं की सगळ्यांना पुन्हा उठवायचं. झोपवणं सोपं असतं, घाम फुटतो तो उठवताना.

यंत्र म्हणजे बॅटरीवर चालणारा तळहाताएवढा बोर्ड. त्याला वायरने जोडलेला एक तरंगता गोळा. पाणी चढलं की गोळा वर येणार, झोपलेला बोर्ड जागा होणार आणि बझर वाजवणार. आता असं यंत्र हातात आल्यावर ठाण्यापुढच्या पाणीटंचाईच्या दिव्यात राहणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार?

आमच्या बिल्डिंगमध्ये पाणी दुपारी दोन ते चारच्या मध्ये कधीही येतं आणि वीस मिनिटांत जातं. आई पहाटे उठून शाळेतल्या मुलांची खिचडी शिजवायला जाते, दीडला घरी येते, तेव्हा तिचे डोळे मिटत असतात. म्हणून ती मोरीतला नळ उघडा ठेवते आणि त्याच्याखाली पातेलं पालथं घालते. पहिला थेंब पातेल्यावर वाजला की आई उभी. पालथ्या घड्यावर पाणी ओतून उपयोग नाही असं ज्याने कुणी म्हटलं, तो दिव्यात राहिलेला नसणार. पण ही काही झोप नव्हे. कान मोरीत ठेवून नुसती पाठ टेकायची. मी शाळेत होते तेव्हापासून आईची दुपार अशीच जाते, आणि ते बघून मला दर वेळी वाईट वाटतं.

तर मी जाहीर केलं की आता तू निवांत झोपायचं. ऑफिसातल्या सरांनी बोर्ड घरी न्यायला लगेच परवानगी दिली. टेबलावर सगळेच बोर्ड गुणी असतात, म्हणाले, जरा खऱ्या घरात बघू. मला ते बोलणं लागलं. टेबलावर मी त्याला शेकडो वेळा झोपवून उठवलं होतं.

शुक्रवारी मी घरून काम करते. नळाखाली बादली ठेवली, बादलीत गोळा सोडला, बोर्ड फळीवर ठेवला. पातेलं उचलून मांडणीवर ठेवताना मी जरा मिरवलेच. आईला म्हटलं, मोरीचं दारही लावून घे. तिने एकदा बोर्डाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि झोपली. मी आतल्या खोलीत हेडफोन लावून मीटिंगला बसले. ड्रायव्हर अगदी ठणठणीत चालतोय, असं मी तिथे सगळ्यांना सांगत होते.

चारला मोरीचं दार उघडलं. बादली काठोकाठ भरलेली, गोळा ऐटीत वर तरंगतोय, बोर्ड गाढ झोपलेला. बाकीचं पाणी गटारात गेलं होतं आणि पिंप कोरडं होतं. शेजारच्या काकूंकडून आईने दोन हंडे आणले. काकूंनी हंड्यांबरोबर विचारणाही पाठवली होती, मशीन झोपलं ना नीट?

मी लॅपटॉप उघडून बसले. आई भाजी निवडायला समोर येऊन बसली आणि म्हणाली, "तू सगळ्यांना झोपवतेस?"

"सगळ्यांना. तेवढी बॅटरी वाचते."

"मग उठवतं कोण?"

"तो गोळा."

"त्याला पण झोपवलंस?"

नाही म्हणायच्या आधी मी कोडमधली ती ओळ पुन्हा वाचली. बोर्ड झोपताना मी एका ओळीत सगळ्या भागांची वीज तोडली होती, त्यात गोळ्याचीही. मग ऑफिसात कसं चालत होतं? तिथे बोर्डाचे मेसेज बघायला लॅपटॉपची केबल कायम लावलेली असायची आणि तिच्यातून गोळ्याला चोरून वीज मिळत होती. कडक उपास करणाऱ्याला कुणीतरी मागच्या दाराने चहा पाजावा, तसा प्रकार. मी कपाळाला हात लावला.

कर्नलमध्ये एक यादी असते, यंत्राला उठवायचा अधिकार कुणाकुणाला आहे त्याची. मी गोळ्याचं नाव तिथे घातलं आणि त्याच्यापुरती थोडी वीज चालू ठेवली. सोमवारी सरांना सांगितलं की चूक आईने पकडली. ते म्हणाले, पुढचा कोड तपासायला आईंनाच बोलवा.

आईचा मात्र विश्वास उडाला होता. पुढचे दोन-तीन आठवडे गोळ्याशेजारी, बादलीतच, एक छोटं पातेलं पालथं असायचं. पातेलं आधी वाजायचं, आई उठायची, मग बझर बोंबलायचा. "तुझं मशीन माझ्यानंतर उठतं," ती म्हणायची.

मग एका शुक्रवारी पाहिलं तर पातेलं मांडणीवर होतं. पावणेतीनला बझर असा कोकलला की मी धावत बाहेर आले. आई झोपलेली. तोंड किंचित उघडं, एक हात खाटेखाली लोंबत. एका थेंबाला उठणारी बाई या बोंबेलाही हलली नव्हती. मी घाबरले, वाकून तिचा श्वास पाहिला. तो छान संथ चालला होता. मग लक्षात आलं, पाणी आलं की घराला उठवायच्या यादीतून तिने स्वतःचं नाव काढून टाकलं होतं.

मी बझर बंद केला. पिंप भरलं, हंडे भरले, कळशी भरली, भांड्याला भांडं लागू न देता. पिंपावर झाकण ठेवताना मात्र थोडा आवाज झालाच. आईने डोळे न उघडताच विचारलं, "पाणी आलं?"

"भरून झालं," मी म्हटलं.

बरं म्हणून तिने कूस बदलली आणि पुन्हा झोपली.