विचारून येणाऱ्याला वाट

डाव अडला की मॅडम चहाच्या कपावर बशी झाकून ठेवायच्या. चाल ठरेपर्यंत बशी उचलायची नाही. मग गार झालेला चहा एका घोटात संपवायच्या आणि म्हणायच्या, "हं, आता सांगा भाऊ, त्याची फौज कुठं उभी आहे?"

मनीषनगरच्या आमच्या इमारतीत त्या दुसऱ्या मजल्यावर राहायच्या, मी तळमजल्यावर. आयुष्यभर भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. अशा शिस्तीच्या बाई तुमच्याही शेजारी असतील, पण त्या दुपारी भजनाला जात असतील. आमच्या मॅडम लॅपटॉपवर राज्य चालवायच्या.

हा नाद लावला त्यांच्या मुलीनं. ती पुण्याला नोकरीला होती. सुट्टीत घरी आली तेव्हा तिनं आईला आणि मला शिकवून तिघांचा डाव मांडून दिला. ज्यानं त्यानं आपल्या सवडीनं आपल्या घरून चाल खेळायची, मग पुढच्याची पाळी. प्रत्येकाचं एक राज्य. चौथं राज्य खुद्द कॉम्प्युटर चालवायचा, त्याला आम्ही नुसतं 'राजा' म्हणायचो. एकाची फौज दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकू शकत नाही. ओपन बॉर्डरचा करार केला तरच ये-जा, तीही तीस चालींपुरती. असा करार प्रतिस्पर्ध्याशी कधी करावा, हा या खेळातला सगळ्यात अवघड प्रश्न.

माझी नोकरी हिशेबाची, त्यामुळे मला तो सोपा वाटला. राजाशी करार केला तर माझा व्यापार सव्वापट होत होता. मी दोनदा ताळा करून पाहिला आणि सीमा उघडली. राजाचे तिरंदाज माझ्या शेताशेतांतून सहलीला आल्यासारखे फिरले, तीन नगरांपाशी थांबले, आणि एका चालीत त्यातली दोन नगरं गेली.

"मॅडम, हिशेब तर बरोबर होता माझा."

"हिशोब बराबरच होता, भाऊ. काय येईल ते तुम्ही पाह्यलं. कोण येऊन राहिलं ते नाही पाह्यलं."

माझी बायको तिथंच बसली होती. "घरी दुधवाल्याले दहा प्रश्न विचारतात हे," ती म्हणाली, "अन् तिकडे फौजच्या फौज आत घेतली!" मॅडम इतक्या हसल्या की बशी खाली पडली.

त्या दिवशी त्यांनी मला त्यांची रीत समजावून सांगितली. ज्याची फौज दुसरीकडे लढाईत गुंतली आहे, त्याला खुशाल वाट द्यावी. ज्याची रिकामी बसली आहे, त्याला देऊ नये. राजधानीत पहारा नसेल तर कोणालाच नाही. मुदत संपली की करार आपोआप वाढू द्यायचा नाही, नकाशा नव्यानं बघायचा. पण कायम बंद ठेवणंही त्यांना मान्य नव्हतं. "दार लावून बसलं, की तो काय करून राहिला ते आपल्यालेही दिसत नाही." आणि सगळ्यात वरचा नियम: "विचारून आला त्याले वाट द्यावी. न विचारता शिरला त्याले कधीच नाही."

नंतर त्यांच्या मुलीनं पुण्यात लग्न केलं. नोंदणी पद्धतीनं, आईला न सांगता. मॅडमना ते एका नातलगाकडून कळलं. मुलगा कोण, कुठला, याबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "मी नाही म्हटलं असतं काय? विचारलं काहून नाही?" मायलेकींचे फोन बंद झाले.

डाव मात्र चालू राहिला. दोघींनीही तो सोडला नाही. त्यांच्यातला ओपन बॉर्डरचा करार मुदत संपून गेला आणि नवा कोणीच मागितला नाही, पण पाळी आली की मुलगी चाल खेळायची, मग मॅडम खेळायच्या. चालीसमोर वेळ दिसते. मॅडम ती आधी बघायच्या. "आज पहाटेच खेळली. झोप नाही लागली वाटते पोरीले." दुसऱ्या कुठल्या वाटेनं मुलीची खबर त्यांच्यापर्यंत येतच नव्हती.

एके दिवशी राजानं मुलीच्या समुद्रकाठच्या नगराला वेढा घातला. तिची फौज होती दुसऱ्या टोकाला आणि मधे मॅडमचं राज्य. संध्याकाळी मी वर गेलो तेव्हा लॅपटॉप उघडा होता, कपावर बशी होती. पडद्यावर एक ओळ: मुलीच्या राज्याकडून ओपन बॉर्डरची विनंती.

"सकाळपासून आहे," मॅडम म्हणाल्या.

माझे दोघींशीही करार असल्यामुळे मला सगळा नकाशा दिसत होता. मी आकडे मांडले. फौज जाणार ती मॅडमच्या राजधानीला खेटून. राजधानीत पहारा एकाच तुकडीचा. मुलीनं मनात आणलं तर दोन चालींत राजधानी जाईल. तिनं नाही आणलं, तरी वाट दिली म्हणून राजा मॅडमवर उलटेल. "तुमच्याच नियमानं नाही म्हणावं लागते, मॅडम."

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "तुमचा एकही आकडा चुकला नाही, भाऊ." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "पण तिनं विचारलं नं."

त्यांनी होकार दिला. एवढंच नाही. फौजेला वळसा पडू नये म्हणून राजधानीतली ती एकुलती तुकडीही त्यांनी रस्त्यातून बाजूला काढली. मी कपाळावर हात मारला.

फौज गेली, नगर वाचलं. राजा मात्र ठरल्यासारखा मॅडमवर उलटला आणि सीमेवरची त्यांची दोन गावं घेतली. "जाऊ द्या," त्या म्हणाल्या.

पुढच्या पाळीला नकाशा पाहून मी जिन्यानं धावतच वर गेलो. मुलीची अर्धी फौज माघारी फिरून राजधानीच्या वेशीवर येऊन थांबली होती.

"मॅडम, मी म्हटलं होतं नं! दगा!"

मॅडमनी लॅपटॉप जवळ ओढला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. "नीट पाहा, भाऊ. आपल्या पुढ्यात उभी आहे ते. राजाकडून कोणी आलं तर आधी तिच्याशी गाठ."

मी पुन्हा पाहिलं. राजधानी आणि राजाची वाट यांच्यामधे मुलीच्या तुकड्या ओळीनं उभ्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या कपात चहा गरम होता आणि त्यावर बशी नव्हती. त्यांनी फोन घेतला आणि त्या गॅलरीत गेल्या.

"हॅलो. हं, मीच. जेवली काय वं?" पुढचं मला ऐकायचं नव्हतं. मी दार ओढून घेतलं आणि खाली आलो.

आठ दिवसांसाठी म्हणून त्या पुण्याला गेल्या. त्याला आता पाच महिने झाले. झाडांना पाणी माझी बायको घालते. मधे मीच फोन केला. "मॅडम, पाळी तुमची आहे."

"अरे हो, राहूनच गेलं! खेळते, खेळते. आत्ता आम्ही दोघी मेथी निवडून राहिलो." मागून मुलगी ओरडली, "काकांना म्हणावं, जिंकायची घाई झाली काय?"

घाई होण्यासारखंच आहे. गुणांत मी पहिला आहे. पण त्या खेळल्याशिवाय डाव पुढे सरकत नाही, आणि मी पुन्हा आठवण केलेली नाही. रविवारी मी उघडून बघतो. दोन्ही राज्यांमधली सीमा उघडी आहे, वेशीवर फौज उभी आहे, आणि खाली मॅडमच्या नावापुढे लिहिलेलं आहे: चालीची वाट पाहत आहोत.