दुखत नाही केव्हा, असे विचारणाऱ्या सुजाताताई

नळ जायच्या आत पाण्याचे गुंड भरून झाले होते. कणीक मळून झाकून ठेवली, तवा तापला, पहिली पोळी टाकली आणि आतल्या खोलीतून यांची हाक आली. माझे यजमान मनोहरराव नागपूरजवळ बुटीबोरीला एका कापड कारखान्यात फिटर होते. त्यांच्या कंपनीची बस चौकात यायची वेळ झाली होती.

"अवं, जरा इकडे ये वं. मोजा घालून दे."

"काहून? हात मोडले का तुमचे?"

"हात नाही वं. कंबर वाकूनच नाही राहिली."

मी हसले. पोळी उलटली, गॅस बारीक केला आणि आत जाऊन त्यांना मोजे घातले. उसण भरली असेल असे दोघांनाही वाटले. ते त्या दिवशी कामावर गेलेसुद्धा. दोनचार दिवस मी ओव्याच्या पुरचुंडीने शेकले. उतार पडेना, म्हणून त्यांना घेऊन आमच्या भागातल्या धर्मादाय दवाखान्यात गेले. सुजाताताई रामटेके यांची आणि माझी पहिली भेट ती अशी झाली. एरवी त्यांची ओळख व्हायचे मला काही कारण नव्हते.

ताईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्या दवाखान्यातून निवृत्त होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्याविषयी डॉक्टर लिहितील, त्यांचे विद्यार्थी लिहितील. एखाद्या रुग्णाच्या घरचे कोणी लिहावे म्हणून मला विचारले गेले. माझे शिक्षण प्राथमिक शाळेपुरते. पुढचे जे काही वाचले ते वाचनालयातून आणून, चुलीशी बसून. जसे सुचते आहे तसे लिहिते.

त्या दवाखान्याची एक पद्धत होती. कंबर नुकतीच धरलेला माणूस आला की त्याला आधी डॉक्टरांकडे न पाठवता फिजिओथेरपिस्टकडे, म्हणजे ताईंकडे पाठवत. त्या तपासत, काय झाले ते सांगत, व्यायाम देत, कामावर केव्हा जायचे ते ठरवत. औषध लागेल असे वाटले किंवा काही वेगळे दिसले, तर रुग्णाला स्वतः डॉक्टरांच्या टेबलाशी घेऊन जात. दोघांच्या खोल्यांमध्ये एक दार होते आणि ते मी कधी बंद पाहिले नाही. ही पद्धत डॉक्टरांनीच सुरू केली होती. ते म्हणत, "उसण भरलेल्या माणसाला लागतो तेवढा वेळ माझ्याजवळ नाही. ताईंजवळ आहे, आणि त्यातलं त्यांना चांगलं कळतं. मी पाहायला पाहिजे ते त्या मला दाखवतातच."

लोकांना मात्र हे पटत नसे. आमच्या पुढे रांगेत एक गृहस्थ कंबरेवर हात ठेवून उभे होते. ते मोठ्याने म्हणाले, "डॉक्टर बसले आहेत तिकडे, अन् आम्हाले या मालिशवालीकडे काहून पाठवून राहिले?"

ताईंनी आतून ऐकले. म्हणाल्या, "मालिश पाहिजे असंल तर सलूनमधी जा भाऊ. इथं मेहनत तुम्हालेच करा लागते."

रांग हसली. तो माणूसही हसला आणि हसताना कंबर धरून "अगं आई गं" म्हणाला. ताईंनी त्यालाच आधी आत घेतले.

आमची पाळी आली. कुठे दुखते, हे ताईंनी विचारले नाही. यांना बसू दिले, उभे राहू दिले, पाठीवर झोपवले, आणि मग विचारले, "दुखत नाही केव्हा, भाऊ?"

यांनी थोडा विचार केला. "तसा टाइमच नाही जी ताई. झोपलो तरी दुखते, बसलो तरी दुखते."

ताईंनी यांना कुशीवर वळवले. पाठीच्या मणक्यावरून हळूहळू बोटे नेली. एका जागी हे कळवळले. मग त्यांची नजर कंबरपट्ट्याकडे गेली. त्याला यांनी खिळ्याने आणखी एक भोक पाडले होते.

"हे भोक केव्हा पाडलं?"

"दिवाळीनंतर. पँट सरकून राहिली होती."

ताई माझ्याकडे वळल्या. "वहिनी, यांचं जेवण कमी झालं का?"

मी म्हणाले, कमी नाही, पण जेवतात ते अंगी लागत नाही. ताई उठल्या, यांना हाताला धरून त्या मधल्या दारातून घेऊन गेल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "हे मी ठेवून घेत नाही. ही साधी उसण नाही वाटत मला. तुम्ही बघा."

मग रक्त तपासले, हाडांचे फोटो झाले, मोठ्या दवाखान्यात जाणे झाले. हाडांच्या आतल्या मगजाचा कर्करोग निघाला.

ताईंनी वेळेवर ओळखले म्हणून यांचा जीव वाचला, असे लिहिता आले असते तर हा लेख सोपा झाला असता. तसे झाले नाही. पण शेजारपाजारच्या सल्ल्याने गेलो असतो तर आम्ही कितीतरी दिवस पट्टे बांधत, इंजेक्शने घेत, तेल चोळत फिरलो असतो, आणि यांच्या पोकळ झालेल्या हाडांवर कोणी तरी गुडघा देऊन कंबर मोकळी करायला बसले असते. आमच्याकडे असे लोक गल्लोगल्ली आहेत. ते दुःख आमच्या वाट्याला आले नाही. जे आले तेच पुष्कळ होते.

ताईंचे वडील खाप्याला शिंपीकाम करत. तिथून नागपूरला येऊन त्यांनी हे शिक्षण घेतले. कामातला त्यांचा एक गुण मी जवळून पाहिला. आपले काम कुठे संपते हे त्या उघड सांगत. यांच्या उपचारांच्या दिवसांत मी त्या खोलीबाहेर पुष्कळ बसले आहे. एकदा एका बाईंना त्यांनी कंबरेचे व्यायाम देऊन घरी पाठवले आणि त्या बाई दुसऱ्या दिवशी कळांनी तळमळत परत आल्या. मुतखडा निघाला. ताई भरल्या रांगेसमोर डॉक्टरांना म्हणाल्या, "माझं चुकलं. बरगडीखालून कळ येऊन राहिली होती, मी लघवीचं विचारलंच नाही." डॉक्टर म्हणाले, "मी असतो तर मीही कदाचित चुकलो असतो." ताई म्हणाल्या, "असं म्हणू नका साहेब, नाहीतर मी पुन्हा चुकीन." त्यानंतर मी त्यांना प्रत्येक रुग्णाला ते विचारताना ऐकले, तरण्या पोरांनासुद्धा. पोरे लाजत. ताई वाट पाहत.

आणि जे आपले काम आहे तिथे त्या मागे हटत नसत. बुटीबोरीचा एक तरणा कामगार हट्टाला पेटला होता. त्याला पट्टा आणि सुई हवी होती. ताईंनी त्याला नीट तपासले होते. म्हणाल्या, "काही मोडलं नाही, काही सरकलं नाही. दुखंल, अन् कमी होईल. पट्टा बांधून निजून राहशील तर उशीर होईल." तो तडक डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी मान वर न करता विचारले, "ताईंनी काय सांगितलं?" त्याने सांगितले. "मग तेच," डॉक्टर म्हणाले. तो बडबडत गेला. पुढच्या आठवड्यात त्याने दोन मित्रांना आणले आणि सरळ ताईंच्या दारात उभे केले.

यांचे शरीर जसजसे खचत गेले तसतशा ताई आमच्या घरी येऊ लागल्या. ते त्यांचे काम नव्हते. दवाखाना सुटल्यावर सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत त्यांची स्कूटर लागे. माणसाला न दुखवता कुशीवर कसे वळवायचे, पलंगाच्या कडेला कसे बसवायचे, हे त्यांनी माझे हात धरून मला शिकवले. मी वाचनालयातून या आजारावरचे पुस्तक आणले होते. ते चाळून म्हणाल्या, "हे चांगलं आहे. पण शेवटचं प्रकरण आज नका वाचू. वाचायच्या दिवशी मला बोलवा." मी बोलावले, त्या आल्या, आणि आम्ही दोघींनी ते वाचले.

शेवटी शेवटी यांना निजल्या निजल्या भरवून घेणे नको वाटे. "मले काय लेकरू समजून राहिली का तू?" असे चिडत. एका रविवारी ताईंनी चादरीची जाड घडी करून पाठीशी दिली, मी पुढून धरले, आणि यांनी बसून, स्वतःच्या हाताने पाटवडीरस्सा खाल्ला. थोडाच खाल्ला. रस्सा हनुवटीवर सांडला तो त्यांनी स्वतःच पुसला. ताईंना म्हणाले, "तिखट कमी आहे ना जी?" ताई म्हणाल्या, "तुमच्या बायकोला सांगा, माझ्यात हिंमत नाही." हे मोठ्याने हसले. घरात यांचे हसणे ऐकू आले ते तेच शेवटचे.

ते गेले. त्याच्या पुढच्या थंडीत मी भांडी घासून उठताना माझी कंबर धरली. भिंत धरून पलंगापर्यंत आले आणि पडले. मला वाटले, आपल्यालाही तेच झाले. माझ्यासोबत राहणारे कोणी नाही. शेजारी धाकटी जाऊ सुशीला राहते. ती डबा आणून ठेवी आणि मी तो तसाच परत करी.

"दवाखान्यात चाल ना वं बाई," ती म्हणे.

"नाही जात."

"काहून नाही जात? भेव वाटते का?"

मला भीती वाटत नव्हती. मला बरे वाटले होते. आता फार दिवस काढायचे नाहीत, असे मनात ठरून गेले होते, आणि कोणी तपासून ते मोडू नये एवढेच मला हवे होते.

सुशीलाने मला न सांगता ताईंना फोन केला. ताई आल्या. चपला काढून सरळ पलंगाशी बसल्या. पाय उचलून पाहिले, गुडघ्यावर टकटक केली, लघवीचे विचारले, मांडीच्या आत बधिर वाटते का विचारले, वजन विचारले. मग त्यांचा तो प्रश्न आला. मी खरे तेच सांगितले. गुडघे पोटाशी घेतले की दुखत नाही. कुशीवर निजले की झोप लागते.

ते बोलले आणि मलाच कळले की माझे उत्तर यांच्या उत्तरासारखे नाही. मला रडू फुटले. सुशीलाला वाटले, काही वाईट निघाले.

"कमलवहिनी," ताई मला म्हणाल्या, "तुमची कंबर साधी आहे. उसण भरली आहे. थोड्या दिवसांत जाईल."

"मले वाटलं होतं, माझंही झालं आता."

"माहीत आहे."

त्यांनी मला जगण्याविषयी काही सांगितले नाही. मुले नाहीत तर काय झाले, पुस्तके आहेत, असे काही म्हणाल्या नाहीत. सुशीलाने चहा आणला तो घेत बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "कंबरेचं माझ्याकडे. हे दुसरं जे आहे ते माझ्या एकटीच्या हातातलं नाही. डॉक्टरांना सांगू का?"

 त्या थांबल्या. मी मान हलवल्यावरच त्यांनी फोन लावला, आणि डॉक्टर माझ्याशी बोलले. पुढे कितीतरी दिवस ते बोलत राहिले. ते इथे लिहीत नाही.

माझे दुःख ताईंनी घालवले नाही. ते आहे, आणि राहील. पण त्या दिवशी त्यांनी ते माझ्या कंबरेपासून वेगळे काढून दाखवले.

ताई आता निवृत्त होतील. आयुष्यभर त्या दुसऱ्यांच्या पाठींवर वाकल्या आहेत. त्यांची स्वतःची पाठ ताठ राहो. त्यांना खूप वर्षे मिळोत, झोप शांत लागो, आणि त्यांचे कधी काही दुखले तर घाई न करता विचारणारे माणूस त्यांना मिळो. हे मी त्यांना तोंडावर कधी म्हणाले नाही. माझी कंबर तपासून गेल्या त्या संध्याकाळी पायरी उतरताना त्या वळून फक्त म्हणाल्या, "निजून नका राहू. हिंडा-फिरा." मी बरं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सक्करदरा तलावापर्यंत चालत गेले, परत आले, आणि एकटीपुरता भात टाकला.