चनमल्लप्पांचा पांढरा दगड

चनमल्लप्पांना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण चालणं काही सुटलं नाही. सुटेल कसं? एकोणतीस वर्षं हा माणूस रेल्वेत किमॅन होता. खांद्यावर हातोडा नि पाना, हातात दोन झेंड्या, आणि रोज उजाडताना रुळांच्या कडेनं आपला ठरलेला पट्टा पायी तपासत जायचं. कुठं क्लिप ढिली, कुठं बोल्ट निखळलेला, कुठं रुळाला केसाएवढी चीर. त्या पट्ट्याला बीट म्हणतात. यांचं बीट कुर्डुवाडीकडून केमच्या बाजूला. आणि इतक्या वर्षांत त्यांच्या बीटात एकही अपघात नाही. हे ते स्वतःहून सांगायचे नाहीत असं नाही हं. ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला सांगायचे.

ड्यूटीवरून घरी आले की बायको, कमलम्मा, दारातच विचारायच्या, "लाईन?" हे म्हणायचे, "क्लिअर." मगच चहाचं आधण चढायचं. घरातलं बाकी सगळं बोलणं कानडीत, पण हे दोन शब्द रेल्वेचे. निवृत्ती झाली, जुळे सोलापुरात घर घेतलं, आणि तो प्रश्न बंद झाला. कुणी बंद केला नाही, आपोआपच झाला.

पुढचे सहा महिने कमलम्मांना जीव नकोसा झाला. बिजागऱ्या, नळ, कपाटाच्या कड्या, घरात जे जे म्हणून आवळता येतं ते सगळं या गृहस्थानं आवळून ठेवलं. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला शेजारणीला बोलवायची वेळ आली. शेवटी पुण्याच्या लेकीनं, प्रियंकानं, आपला जुना कॅमेरा आणून बापाच्या गळ्यात घातला आणि म्हणाली, "आप्पा, बाहेर जा. पक्षी बघा. पण आईला सोडा."

आणि काय सांगू, माणूस बदललाच! पहाटे स्कूटर काढायची, कधी हिप्परगा तलाव, कधी माळ. रुळातली चीर हेरणाऱ्या डोळ्यांना गवतातला चंडोल दिसायला किती वेळ लागणार? कॉलेजात शिकवणाऱ्या दानेश्वरी मॅडमनी पक्षी बघणाऱ्यांचा एक ग्रुप सुरू केला होता, त्यात हे जाऊन बसले. पोरासोरांच्या भारी भारी लेन्सा, पण कुणाला काही दिसलं नाही की सगळे म्हणायचे, "आण्णांना विचारा." रक्तदाब उतरला, चिडचिड गेली. रात्री जेवताना कमलम्मांना फोटो दाखवायचे आणि ती माउली, "हा कालचाच ना?" म्हणत का होईना, बघायची.

तर झालं असं. एप्रिलातली गोष्ट, शुक्रवारची. तुळजापूर रोडवरून आत वळलं की एक बंद पडलेली खडी क्रशर आहे, तिच्या मागं मोठा माळ. तिथं त्यांना धाविक दिसला. टिटवीपेक्षा थोडा लहान, तांबूस, उंच पायांचा पक्षी. तुरुतुरु धावतो, थांबतो, पुन्हा धावतो. हा मात्र धावून धावून एकाच जागी येऊन बसत होता. चनमल्लप्पा तासभर पालथे पडून राहिले. पक्षी उठला तेव्हा उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये खड्यांसारखीच दोन ठिपकेदार अंडी दिसली. घरटं नाही, काडी नाही, काही नाही. नुसती भुई.

आनंदानं फोटो काढले. आणि मग एकोणतीस वर्षांची सवय आडवी आली. किमॅनला दोष सापडला की तो खूण केल्याशिवाय पुढं जात नाही, नाहीतर उद्या ती जागा सापडायची कशी? स्कूटरच्या डिकीत चुन्याची पुडी होती. (का होती? विचारू नका. होती.) डोक्याएवढा एक दगड बघितला, बाटलीतल्या पाण्यात चुना कालवून पांढराफेक केला आणि अंड्यांपासून चार पावलांवर ठेवून दिला. काम चोख!

तेवढ्यावर भागलं असतं. पण शनिवारी दुपारी फोटो ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं: "धाविक, अंडी दोन. बंद क्रशरच्या मागे. पांढरा दगड ठेवला आहे, सापडेल." रेल्वेत जागा न सांगता रिपोर्ट देणाऱ्याला साहेब दारात उभं करत नसे. यांनी आपला रिपोर्ट दिला.

संध्याकाळी दानेश्वरी मॅडमचा फोन आला. "आण्णा, आधी तो मेसेज काढा. मी वर्गात होते, आत्ता बघितलं." मग त्यांनी सांगितलं. जमिनीवरच्या अंड्यांची जागा कधी कुणाला सांगायची नसते. लोक गाड्या घेऊन येतात, फोटोसाठी पक्ष्याला उठवतात, उन्हात अंडी शिजून जातात. आणि खूण तर मुळीच करायची नाही. कावळाही बघतो, कुत्रंही बघतं.

"मी आत्ता जातो," चनमल्लप्पा म्हणाले.

"नको. आता अंधारात तुमचाच पाय पडेल. उजाडल्यावर जा, आणि लांबून बघा."

त्यांनी मेसेज काढला. पण सत्तर माणसांचा ग्रुप, बघायचा त्यांनी बघितला होता. जेवण उतरलं नाही. कमलम्मांनी दोनदा विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाले, "माझ्या बीटात अपघात झाला बहुतेक."

रविवारी तांबडं फुटतंय तोवर ते क्रशरपाशी होते. माळावर पांढरा दगड लांबूनच दिसला. आणि दगडाभोवती गाडीच्या चाकांचे वळसे! एक नाही, दोन गाड्यांचे. गवत भुईसपाट. कुणीतरी सिगारेट ओढून टाकलेली. चनमल्लप्पा खाली बसले आणि दगडापासून चार पावलांवरची भुई बोटांनी चाचपू लागले. अंडी नाहीत. टरफलाचा तुकडा नाही. धाविक नाही. जिथं हात लावावा तिथं टायरची नक्षी.

"मी मारलं," ते मोठ्यानं म्हणाले. ऐकायला कुणी नव्हतं. एकोणतीस वर्षं गाड्या सांभाळल्या आणि दोन अंडी सांभाळता आली नाहीत! तिथंच मातीत बसून हा साठी उलटलेला माणूस रडला. लाज कसली त्यात, रडला.

"ओ पाव्हणं! काय हारवलं म्हणायचं?"

मागं मेंढरांचा कळप घेऊन एक म्हातारी उभी होती. काठी, डोक्याला पदर घट्ट, कपाळावर आठ्या. नाव गोजरबाई, ते नंतर कळलं.

"ह्यो धोंडा तुमचा का?" तिनं काठीनं पांढरा दगड टोचला.

"व्हय."

"तुमी मोजणीवालं?"

"न्हाय हो, मी पाखरं बघणारा."

"मग चुना कशापायी फासला, रं बाबा?" गोजरबाईचा आवाज चढला. "मागल्या साली पल्याडच्या माळावर असाच पांढरा धोंडा ठिवला नि म्हैन्याच्या आत तारंचं कंपाउंड! मेंढरं कुटं न्यायाची आमी? काल सकाळी ह्यो दिसला, माझं डोस्कंच फिरलं. उचलला नि आणून टाकला हितं. म्हनलं, बसा मोजत वढ्याच्या कडंला!"

चनमल्लप्पांना आधी काही उमगेना. "उचलला? कुठनं उचलला?"

"तितनं की." तिची काठी क्रशरच्या डाव्या अंगाला वळली, चांगल्या दोनशे पावलांवर. "सांजच्याला दोन गाड्या आल्या हुत्या. गळ्यात तुमच्यावानीच डबडी. ह्या धोंड्याभवती घिरट्या घातल्या, घातल्या, काय घावलं न्हाय, गेली शिव्या देत. मी म्हनलं, बरं झालं."

चनमल्लप्पा ताडकन उठले. उठले आणि पुन्हा थबकले. "तितं अंडी हायती हो. पाखराची."

"मला सांगता?" गोजरबाई आता चक्क हसली. "त्या पळ्या पाखराची ना? धा दिस झालं, बघतीया की मी. मेंढरं बी लांबनं वळवून नेती. तुमी खूण केली तवा पाखराला इचारलं व्हतं का?"

चनमल्लप्पांनी हात जोडले. सांगा बरं, खुणेवर एवढा भरवसा, की दगडाकडं बघून चालत आले आणि जागा तीच की दुसरी, हे बघायचं भानच राहिलं नाही. रुळाकडेचा खांब कुणी उचलून नेत नाही, दगड नेतात.

पुढं न जाता ते तिथंच पालथे पडले आणि कॅमेऱ्यातून डाव्या अंगाला बघू लागले. भुई. खडे. वाळकं गवत. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आणि मग खड्यांमधला एक खडा उठला, तुरुतुरु चार पावलं धावला, थांबला, मान वर केली, माघारी आला. पोटाखाली पाय दुमडून, अलगद अंग टेकवून बसला. अंड्यांवरच!

"हाय का?" मागून गोजरबाईनं विचारलं.

"हाय," ते म्हणाले. फोटो मात्र काढला नाही. बघत राहिले.

निघताना त्यांनी दगड उचलला, स्कूटरच्या पुढं पायापाशी ठेवला. गोजरबाईला पाण्याची बाटली दिली, ती म्हणाली, "चुन्याची न्हाय ना?" आणि मग प्यायली.

घरी पोचले तेव्हा कमलम्मा गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या. वाऱ्यानं खाली अंथरलेल्या जुन्या धोतराचं टोक सारखं उडत होतं. चनमल्लप्पांनी तो पांढरा दगड नेऊन त्या टोकावर ठेवला. कमलम्मांनी दगड बघितला, नवऱ्याचे मातीनं भरलेले गुडघे बघितले, सुजलेले डोळे बघितले. अपघाताचं कालचं बोलणं त्यांच्या लक्षात होतं. हातातला सोऱ्या खाली ठेवून, तीन वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी विचारलं.

"लाईन?"

चनमल्लप्पांनी हाताला लागलेला चुना झटकला.

"क्लिअर," ते म्हणाले, आणि कमलम्मा चहा टाकायला खाली गेल्या.