मनुष्यकृत

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका निरुपद्रवी माणूस डहाणू तालुक्यात झाला नाही, असं मी पुष्कळ वर्षं सांगत असे. हल्ली सांगत नाही.

चिकूची वाडी त्यांच्या वडिलांनी लावून ठेवलेली, त्यामुळे भाऊजींना जुन्या रानाची काळजी करायला उसंत होती. जुनं म्हणजे आजोबांच्या वेळचं नव्हे, माणूस लिहायला शिकला त्याच्याही आधीचं. वरोरच्या खाडीत ओहोटीला चिखलात बुडालेले बुंधे दिसत. ते रान माणसाने जाळलं, की पाऊसपाणी बदलून आपसूक गेलं, एवढाच प्रश्न त्यांना आयुष्यात पडला. कुठे विहीर खणताहेत असं कळलं की हे जेवणावरून उठत आणि मातीतला कोळसा धोतराच्या सोग्यात बांधून आणत. घरात दूध उतू गेलं तरी विचारत, "माणूस की निसर्ग?" ताई म्हणे, "तुमची बडबड."

खणायला सोबत असे लहान्या, तलासरीकडचा वारली. जंगलखात्याने कसायला दिलेल्या तुकड्यावर तो पालापाचोळा जाळून जमीन भाजून घेई, म्हणजे राब करी, आणि त्यात भात रुजवी. महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधीची गोष्ट. त्या तुकड्यात कमरेइतक्या खोलीवर भाऊजींना कोळशाचा थर सापडला आणि ते गावभर सांगत सुटले, माणूसच. लहान्या एवढंच म्हणाला, "शेट, तवा वीज नसंल पडत का?" त्याला भाऊजींनी तासभर विजेवर व्याख्यान दिलं.

त्याच उन्हाळ्यात वरच्या डोंगराला वणवा लागला. चौकशीला आलेल्या साहेबाने लहान्याच्या खड्ड्यातला कोळसा पाहिला आणि शिकलेला माणूस म्हणून भाऊजींचं मत विचारलं. जन्मात पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. त्यांनी ऐटीत लिहून दिलं, "सदर कोळसा मनुष्यकृत आगीचा आहे," आणि खाली झोकदार सही. "हजारो वर्षांपूर्वीच्या" हे शब्द राहिले. ते त्यांना इतके उघड वाटले की लिहायचं सुचलंच नाही.

वणवा लहान्याच्याच राबाचा ठरवून जंगलखात्याने त्याचा तुकडा काढून घेतला. भाऊजींनी अर्जांवर अर्ज केले, पायऱ्या झिजवल्या. "आपलाच दाखला दफ्तरी आहे," एवढंच उत्तर आलं. पुढे त्या डोंगराचा लिलाव झाला आणि सागाचे ओंडके डहाणू रोडच्या वखारीत येऊन पडले. ते रान कशाने गेलं, हे कोणी विचारलं नाही. लहान्या मिठागरावर रोजाने जाऊ लागला. वाटेत भेटला की भाऊजींना पूर्वीसारखाच हात जोडी. त्याने एकदा तरी शिवी द्यायला हवी होती, असं मला अजून वाटतं.

परवा वादळात वाडीतला जुना चिकू पडला. सवयीने मी विचारलं, "काय भाऊजी, माणूस की निसर्ग?"

त्यांनी बुंध्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "जुन्या रानाचं अजून ठरायचंय रे. लहान्याचं मात्र माणसानंच नेलं. खाली सही आहे त्याची."