बाह्या सरसावलेला माणूस

शब्दकोशाच्या कचेरीत रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी बाई एक फाटकी नोंदवही घेऊन तळमजल्यावर उतरल्या. तिथे समोर जे उभं ठाकलं ते पाहून, मागून शत्रूची फौज चाल करून येतेय की काय म्हणून त्यांनी वळून पाहिलं. उंची पाच फूट, त्यातली निम्मी छातीच. बाह्या कोपराच्या वर सरसावलेल्या. हातात खळीने माखलेला ब्रश, पण पकड अशी की एका फटक्यात तीन राज्यं खालसा व्हावीत. हनुवटी तर मालकाच्या आधी अर्धा मिनिट खोलीत पोचत असावी. हे कचेरीचे बाइंडरकाका.

"कोणी फाडली?"

"जुनीच आहे हो."

"नाव सांगा फक्त. बघतो त्याच्याकडे."

वही अकरा वर्षं वापरून वापरून आपोआप फाटली होती. पण काकांची तिच्या वतीने काळाशीही दोन हात करायची तयारी होती.

बाईंचं काम इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ कार्डांवर लिहिण्याचं. 'ए'पासून निघालेल्या बाई सोळा वर्षांनी 'पी'मध्ये पोचल्या आणि एका दुपारी 'पग्नेशस' हा शब्द समोर आला. त्यांनी सरळ 'भांडखोर' लिहिलं. तेवढ्यात खालून काकांचा आवाज आला, "होऊन जाऊ दे एकदाचं!"

बाईंचा पेन थांबला. सोळा वर्षांत या माणसाचं नेमकं काय होऊन गेलं? पोस्टमन समोर आला, नळ दुरुस्त करणारा आला, कागदाचा व्यापारी आला. दर वेळी बाह्या वर, हनुवटी पुढे, आणि समोरचा "बरं बाबा" म्हणून चालता. भांडण असं एकही नाही.

काकांचा विसरलेला चष्मा घेऊन त्यांची बायको आली, तेव्हा बाईंनी विचारून घेतलं, "घरी फार भांडतात का हो, वहिनी?"

"भांडायला दोघं लागतात. ते बाह्या सरसावतात, मी लसणाची टोपली पुढे सरकवते. बाह्या वर असतातच, बसतात सोलत."

बाईंनी 'भांडखोर' खोडलं आणि नवं कार्ड लिहिलं: 'भांडायला सदैव तयार असलेला, बाह्या सरसावलेला. माणूस, कुत्रा, हनुवटी यांच्याविषयी वापरतात. प्रत्यक्ष भांडण झालेलं असेलच असं नाही.'

"एका शब्दाला एवढी जागा?" संपादक कुरकुरले.

"भांडखोर माणूस भांडून मोकळा होतो," बाई म्हणाल्या. "हा मोकळा होत नाही."

कार्ड मंजूर झालं. बाईंना सोळा वर्षांत एवढा आनंद कुठल्याच शब्दाने दिला नव्हता.

पुढे 'झेड'ही संपलं, कोश छपाईसाठी जुळवून होत आला आणि बातमी आली, की बांधणी बाहेर मशीनवर होणार. काकांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. हा एक ग्रंथ स्वतःच्या हाताने शिवायचा आणि मग घरी जायचं, हे त्यांचं कधीचं ठरलेलं. त्यासाठी काळं कापड त्यांनी कपाटात वेगळं गुंडाळून ठेवलं होतं, आणि त्याला कोणी बोट लावलं तर बाह्या वर.

काका ब्रशासकट जिना चढले. कचेरीतले टाइपरायटर थांबले. बाई उगाचच एक फाइल घेऊन मागोमाग व्यवस्थापकांच्या खोलीत शिरल्या. आज होऊन जाणार होतं.

"मशीनवर नुसतं चिकटवतात! दोन वर्षांत पानं हातात येतील!"

"अगदी बरोबर," व्यवस्थापक म्हणाले. "बसा ना काका."

"रोज उघडायचं पुस्तक आहे ते!"

"शंभर टक्के."

"हातशिलाईला तोड नाही!"

"मी तर सगळ्यांना हेच सांगतो. चहा घेणार ना?"

ब्रश हवेतच राहिला. काकांनी जन्मभर तालीम केली होती ती 'नाही' म्हणणाऱ्याशी लढायची. 'हो' म्हणणाऱ्याचं काय करायचं ते त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. ते बसले. चहा प्याले. मग आधी डावी, नंतर उजवी बाही खाली उतरवून त्यांनी बटणं लावली. काकांच्या बाह्यांना बटणं असतात हे बाईंना त्या दिवशी कळलं.

"काय ठरलं?" जिन्यात बाईंनी विचारलं.

"माझं म्हणणं पटलं त्यांना."

"मग शिवायचा कोश?"

"छे. तो बाहेरच जाणार."

पुढे कळलं, की बाहेरच्या मशीनला बाराशेपेक्षा जास्त पानं पेलत नाहीत. कोश होता तेराशे चाळीस पानांचा. तेव्हा वापर आणि टिपा सरसकट गाळून, लांबलचक अर्थांच्या जागी एकेक प्रतिशब्द घालून तो पुन्हा जुळवला गेला. काका ठरल्या तारखेला काळं कापड काखोटीला मारून निवृत्त झाले.

कोश बाजारात मिळतो. 'पग्नेशस'पुढे एकच शब्द आहे: भांडखोर.