बोका लोळल्याशिवाय औषध नाही

आमच्या घरात खोकला सोडून दुसरं काही मुबलक नव्हतं. वडील पॉवरलूमवर बारा तासांची शिफ्ट करायचे, आई सुताच्या कांड्या भरायची आणि कापसाची रुई आम्हा तिघांच्या छातीत. टी.वाय.बी.ए.ला इतिहासाच्या पेपरात मी इतकी खोकले, की सुपरवायझरनं मला बाहेर उभं केलं. पेपर गेला. वडील म्हणाले, "अजून एकदा बस. या खेपेला गेलीस तर वडपे गावच्या गोदामात पॅकिंगला." आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच, आणि सगळं अडलं होतं खोकल्यापाशी.

तेव्हा शेजारच्या आत्यानं मला हाताखाली घेतलं. ती नात्यानं कुणाचीच आत्या नव्हती. लग्न होऊन शेलार गावाहून भिवंडीत आलेली. नवरा गेल्यावर लूमच्या शेडमागच्या खोलीत एकटीच राहायची. दारात रंगाचे फुटके डबे, आणि त्यांत खोकलीची रोपं. खोकली पावसाळ्यात गटाराकडेला आपोआप उगवते, लोक उपटून फेकतात. आत्या तिला रोज पाणी घालायची. पानांचा रस मधातून खोकल्याला, पाला मिठात चोळून खरजेला.

रोप मुळासकट उपटलं की त्या मुळाच्या वासानं मांजरं येडी होतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आत्यानं त्याचा कायदाच केला होता. मूळ आधी बोक्यापुढे ठेवायचं. "बोका लोलला न्हाय, तं दवा न्हाय." बोक्याचं नाव मुकादम.

सकाळी शिफ्ट सुटली की लूमचे कामगार खोकत तिच्या दारात बसायचे. मुकादम पत्र्यावर झोपलेला. त्याला उठवायची परवानगी नव्हती.

"आत्या, साहब कब उठेंगे?" त्यातला एखादा विचारायचा.

"तुमचा सेठ कवा उठतो?"

"फिर तो दोपहर हो जाएगी," म्हणत तो बिचारा विडी काढायचा. आत्या ती विडी काढून घ्यायची. मग कधीतरी मुकादम उतरायचा, मूळ हुंगायचा आणि चारी पाय वर करून लाळ गाळत लोळायचा. माणसं टाळ्या वाजवायची.

एकदा त्यानं लागोपाठ तीन रोपांकडे पाठ फिरवली. आत्यानं तिन्ही फेकली. मी म्हटलं, "आत्या, त्याचं पोट भरलं असेल."

"कॉलेजात गेलीस म्हनून आता बोक्याला शिकवतेस काय गो?"

पेपरच्या दिवशी तिनं माझ्या ओढणीला ताजं मूळ बांधलं. "खोकला आला तं हुंगायचं."

अर्ध्या तासात कॉलेजच्या कँटीनमधली मांजर वर्गात आली आणि ओढणीला लोंबकळली. मागोमाग दुसरी. सुपरवायझर गेल्या वेळचाच. धावत आला. "गाठीत काय आहे? कॉपी?"

मी गाठ सोडली. त्यानं मूळ उजेडात धरून चारी बाजूंनी पाहिलं, कुठे काही लिहिलंय का म्हणून. "हे काय?"

"खोकलीचं मूळ, सर."

तेवढ्यात ते त्याच्या हातून निसटलं आणि दोन्ही मांजरं त्याच्या बुटांवर लोळायला लागली. शेवटी शिपायानं एक एक काखेत मारून त्यांना बाहेर नेलं. उरलेला वेळ माझा हसू दाबण्यात गेला, खोकायला सवडच मिळाली नाही. पेपर पुरा लिहिला.

घरी आले तर आत्या वाट पाहत उभी. पेपर कसा गेला हे तिनं विचारलंच नाही.

"लोललं का मांजर?"

"दोन लोळली."

"मंग झालीस पास," म्हणून ती डब्यांना पाणी घालायला गेली.

निकालाआधीच ती तापानं गेली, चार दिवसांत. डब्यांना पाणी मग मीच घालत होते. सायबर कॅफेतून निकालाचा कागद आणला आणि तिच्या दारात मुकादमापुढे ठेवला. त्यानं हुंगला आणि तोंड फिरवलं.

लोळला नाही. तरीही मी बी.ए. झाले.