कनवटीला किल्ली

विहीणबाई बाथरूममध्ये पडल्या तो आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला. पोतं टाकल्यासारखा एकच आवाज. मग प्लास्टिकचा मग लादीवर गरगरत राहिला आणि थांबला. मी दाराशी जाऊन हाका मारल्या. उत्तर नाही. दार ढकललं, तर आतून कडी. घरात वीज नव्हती. सगळ्या खिडक्यांवर पत्र्याची शटरं उतरलेली होती, ती विजेवर चालणारी. पुढच्या दाराला कुलूप होतं आणि त्याची किल्ली विहीणबाईंच्या कनवटीला. त्या एका दाराआड कोंडलेल्या आणि मी दुसऱ्या.

आम्ही दोघी एकाच बाळंतपणासाठी ऑस्ट्रेलियात आलो होतो. सून पहिलटकरीण, म्हणून तिची आई पुण्याहून आली. मुलाने माझंही तिकीट काढलं, म्हणून मीही आले. एका घरात दोन सासवा ठेवू नयेत हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. अॅडलेडला मॉसन लेक्समध्ये त्याचं घर आहे. बुटकं, बैठं, पुढे गुलाबी खडी. त्या दिवशी तो बायकोजवळ हॉस्पिटलात होता. आदल्या दिवशी मुलगी झाली होती. आम्ही दोघींनी तिला फक्त फोनवर पाहिलं होतं.

किल्लीवरून आमचं पहिल्या आठवड्यापासून वाजत होतं. ह्या घराचं कुलूप असं, की दार आतून उघडायलाही किल्ली लागते. मुलगा सांगायचा, आई, कोणी घरात असलं की किल्ली दारालाच राहू दे, आग लागली तर शोधत बसाल. मला पटलं. विहीणबाईंना पटलं नाही. त्यांचे यजमान गेल्यापासून पुण्यात त्या एकट्या राहतात. किल्ली दाराला ठेवून माणूस झोपतं का कुठे, असं म्हणून त्या ती काढायच्या आणि कनवटीला खोचायच्या. मी मागितली की द्यायच्या, पण अशा चेहऱ्याने की जणू मी तिजोरी मागितली. पुढे मी मागणं सोडलं. बाहेर जायचं होतं कुठे मला?

टोमणे मारायचंही त्या सोडत नव्हत्या. डिंकाच्या लाडवांसाठी मी जळगावहून पितळी खलबत्ता आणला होता. विमानात वजन जास्त झालं म्हणून मी दोन साड्या काढून टाकल्या, खलबत्ता काढला नाही. त्यांनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "विहीणबाई, इथे मिक्सर मिळतो हो."

मी म्हटलं, "मिळतो. सुंठ त्यात बोंबलते."

उन्हाचं मला कौतुक नाही. जळगावचं ऊन पाहिलेल्या बाईला कोण शिकवणार. पण तिथे संध्याकाळी अंगणात पाणी मारायचं, बाज टाकायची, माणसं बोलायची. इथे ऊन चढलं की सगळे आपापल्या घरात शिरतात, शटर खाली घेतात आणि रस्ता असा होतो की जणू सगळे गाव सोडून गेलेत. शेजारी एकटी राहणारी गोरी म्हातारी होती. सकाळी लवकर गुलाबांना पाणी घालायची. मला तिची भाषा येत नव्हती आणि तिला माझी, पण त्या सकाळी तिने कुंपणावरून हात वर केला, आकाश दाखवलं, मग दोन्ही हात वरून खाली आणले. शटर पाडा. मी मान हलवली. घरात येऊन बटणं दाबली आणि सगळं घर बंद केलं. तिच्याकडेही शटरं खाली येताना ऐकू आली.

छतावरचा कूलर चालू होता तोवर बरं होतं. दुपारच्या सुमाराला तो घरघरला आणि बंद पडला. फ्रिजही गप्प झाला. मी शटरचं बटण दाबलं, काही हललं नाही. मुलाला व्हॉट्सअॅपवर फोन लावला, लागला नाही. आमच्या फोनांत कार्ड भारतातलं, ते फक्त घरातल्या वायफायवर बोलायचे. वीज गेली तसं वायफाय गेलं आणि आमच्या मते फोन मेले. फ्रिजवर अॅम्ब्युलन्सचा तीन शून्यांचा नंबर मुलाने मोठा लिहून लावला होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि फोन खाली ठेवला. मेलेल्या फोनवरून काय लावायचं? असल्या फोनवरूनही तो नंबर लागतो, हे मुलाने मला नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

विहीणबाईंची त्या दिवशी संकष्टी होती. सकाळपासून दोन कप चहा. नात झाली म्हणून तर त्या अधिकच कडक होत्या. मी म्हटलं, पाणी तरी प्या, तुम्हाला लघवीच्या गोळ्या चालू आहेत. त्या म्हणाल्या, चंद्रोदयाला बघू. इथे ह्या दिवसांत सूर्यच रात्रीपर्यंत हलत नाही, चतुर्थीचा चंद्र कधी उगवायचा? मी तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे उपास म्हणजे साबुदाणा. आमच्याकडे उपास म्हणजे उपास." मला राग आला होता आणि घामही येत नव्हता, अंग नुसतं कोरडं तापत होतं.

अंधारात आम्ही बसून होतो. भिंतीला हात लावला तर भिंत गरम. नळाचं गार पाणी सोडलं तर तेही कढत, पाइप तापलेला. माझ्या सवयीने मी चादर ओली करून अंगावर घेतली. त्यांनाही एक दिली. त्यांनी घेतली नाही, म्हणाल्या, डोकं गरगरतंय, जरा पाणी ओतून घेते. आणि आत जाऊन कडी घातली. घरात आम्ही दोघीच बायका, कडी कशाला हवी होती? पण जावयाचं घर. जावयाच्या घरात त्या डोकं विंचरतानाही दार लावून घ्यायच्या.

मग तो आवाज आला.

आधी मी पुढच्या दाराकडे धावले, दोन्ही हातांनी बडवलं, ओरडले. दार भरीव लाकडाचं. बाहेर कोणी असेल तर ऐकेल ना. खिडकी सरकवून शटरवर मुठी मारल्या, पत्रा इतका तापला होता की कातडी चिकटली. गॅरेजमध्ये गेले, तिथलं दारही विजेचं. वर एक लाल दोरी लोंबत होती. ती ओढली की दार हाताने उचलता येतं. मला ते माहीत नव्हतं, मी त्या दोरीखाली उभी राहून ओरडले आणि परत आले.

बाथरूमच्या दाराला कान लावला. आतून घोरल्यासारखं काहीतरी येत होतं. तेव्हा मला भीती वाटली. आत्तापर्यंत नुसती घाई होती. मुलीला मुलगी होते आणि दुसऱ्या दिवशी आई जाते, आणि घरात कोण होतं, तर सासू. हे मला साफ दिसलं. सून मला काही बोलली नसती. जन्मभर बोलली नसती.

मी बत्ता आणला. कडी जिथे असेल तिथे दोन्ही हातांनी घातला. वाटलं होतं, दार थोडं हादरेल. बत्ता सरळ आत गेला, माझ्या मनगटासकट. ह्या लोकांची आतली दारं म्हणजे दोन पापुद्रे आणि मध्ये पुठ्ठा. इतकी महाग घरं आणि पुठ्ठ्याची दारं. आणखी दोन घाव घातले, भोकातून हात घालून कडी काढली. मनगट सोललं ते तेव्हा कळलं नाही.

विहीणबाई भिंतीला टेकून वाकड्या पडल्या होत्या. अंग तव्यासारखं, घाम नाही. डोळे उघडे पण माझ्यावर नाहीत. मी बादलीतलं पाणी त्यांच्यावर ओतलं आणि कनवट चाचपायला लागले. ओल्या साडीत किल्ली सापडेना. निऱ्या ओढल्या, परकराच्या नाडीपाशी हात घातला. तेव्हा त्यांनी माझा हात धरला. ताकद नव्हती, पण धरला.

"अहो, काय करताय?"

"किल्ली हवी."

"आधी साडी सारखी करा."

"मग करते," मी म्हटलं, आणि किल्ली उपसून काढली.

दार उघडलं तर बाहेरचा वारा तोंडावर आला तो चुलीत फुंकल्यावर येतो तसा. चपला घातल्या नव्हत्या. आधी शेजारच्या म्हातारीकडे गेले, तीच जवळ. दार बडवलं, तिच्या शटरवर थापा मारल्या. आतून काही नाही. ऐकून न ऐकल्यासारखं करते, असं मला वाटलं. मी तिला मराठीत शिवी दिली आणि पलीकडच्या घराकडे पळाले. पाय भाजत होते.

तिथे एक दांडगा माणूस हाफ पँटीत बाहेर आला. मी "बाथरूम" आणि "फॉल" एवढंच म्हणू शकले आणि हात दाखवला. तो परत आत गेला तेव्हा मला वाटलं, हाही गेला. पण तो फ्रीजरमधल्या मटारच्या पिशव्या घेऊन आला. धावत आमच्या घरात शिरून त्याने विहीणबाईंच्या मानेला आणि काखेत मटार लावले आणि एकीकडे अॅम्ब्युलन्सला फोन केला. परक्या पुरुषाचा हात काखेत, आणि विहीणबाई काही म्हणाल्या नाहीत. तेव्हा मी खरी घाबरले. त्यांची साडी मी मटारवरूनच सारखी केली.

अॅम्ब्युलन्स यायला फार वेळ लागला. त्या दिवशी सगळीकडे तेच चाललं होतं. ती आमच्या दारातून निघाली तेव्हा शेजारच्या घराची शटरं तशीच खाली होती. माझ्या ते लक्षात आलं, पण माझ्या डोक्यात विहीणबाईच होत्या.

हॉस्पिटल तेच, जिथे सून होती. आई खाली, मुलगी वर, आणि माझा मुलगा लिफ्टमधून वर-खाली. दोन दिवस विहीणबाई धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सलाइन निघालं, नातीला त्यांच्या मांडीवर दिलं आणि मी शेजारी बसले. त्या म्हणाल्या, "दार फोडलंत म्हणे."

मी म्हटलं, "दार नव्हतंच ते."

वीज गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारणीकडे पोलीस आले होते, असं मुलाने घरी आल्यावर सांगितलं. तिच्या मुलीचा फोन ती उचलत नव्हती. तिच्या घरातली वीजही आमच्याबरोबरच गेली होती. मी दार बडवलं तेव्हा ती जिवंत होती की नाही, हे कोणी सांगू शकत नाही आणि मी विचारलंही नाही. गुलाब दोन दिवसांत वाळले.

त्या दुपारी आमच्या रस्त्यावर लागून असलेल्या दोन घरांत तीन म्हाताऱ्या शटर पाडून बसल्या होत्या. विहीणबाई जगल्या, मी जगले. शेजारीण गेली.